‘जिना’ कुणाचा

‘ओली काडेपेटी’चा चौथा अल्बम शुक्रवारी सकाळी आला. मास्तरने तो अजून ऐकलाही नव्हता, पण तो आपल्याला आवडणार नाही हे त्याने दात घासतानाच ठरवून टाकलं होतं.

मास्तर हे त्याचं बँडमधलं नाव. सहा वर्षांपूर्वीपर्यंत तो ‘ओली काडेपेटी’त बेस गिटार वाजवायचा, आणि बाकीच्यांना तालाचं गणित समजावून सांगायची त्याला खोड होती, म्हणून मास्तर. बँडचं नावही त्यानेच ठेवलेलं. एका सहलीत सगळं सामान भिजलं, चूल काही केल्या पेटेना, तेव्हा तो म्हणाला होता की आपण चौघं म्हणजे ओली काडेपेटी. नुसतं घासत राहायचं. सगळे खो खो हसले होते. पुढे त्याला ते खरंच वाटायला लागलं. सतरा-अठरा माणसांसमोर वाजवायचं, त्यातली पाच-सहा घरचीच. श्रवणतपासनीसाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तसा त्याने बेस पिशवीत घातला आणि यात काही राम नाही असं सांगून तो बाहेर पडला. कुणी त्याला अडवलं नाही. तो गेल्यावर दीड वर्षात काडेपेटी पेटली. आता त्यांच्या कार्यक्रमाला उभं राहायला जागा मिळत नव्हती.

त्याच्या जागी आली ती त्याचीच विद्यार्थिनी. दोन वर्षं दर रविवारी ती त्याच्याकडे शिकायला यायची. अंगाने एवढीशी, पण तारांवर बोटं अशी तुरुतुरु पळायची की तिला सगळे खारूताईच म्हणायचे. तुम्हाला दुसरं कुणी मिळेपर्यंत हिला घ्या, असं जाताना मास्तरनेच सुचवलं होतं. ते ‘मिळेपर्यंत’ आज सहा वर्षं चाललं होतं.

मास्तर आता एका कानाच्या दवाखान्यात काम करत होता. तिथे त्याच्या या पूर्वायुष्याचा कुणाला पत्ता नव्हता. केस कमी झाले होते, पोट थोडं सुटलं होतं, आणि तो सगळ्यांचा ‘सर’ होता. म्हाताऱ्या माणसांना आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, काचेच्या अलीकडून बारीक होत जाणारे सूर सोडायचे, आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणून सांगायचं. शिवाय श्रवणयंत्रांसाठी कानाचे साचे घ्यायचे. काम त्याला आवडायचं. निदान त्या शुक्रवारपर्यंत तरी तो तसं म्हणायचा.

सकाळी तो दवाखान्यात शिरला तर रिसेप्शनवरची मुलगी फोन कानाशी धरून डोळे मिटून बसली होती. तिने त्याला बघून घाईने फोन खाली ठेवला आणि मग न राहवून सांगितलं की काडेपेटीचा नवा अल्बम आलाय, ‘हळू बोला’, आणि त्यातलं ‘जिना’ नावाचं गाणं तिने येताना बसमध्ये सात वेळा ऐकलं. त्यातला बेस, सर, तो बेस काय आहे, असं ती म्हणाली. मास्तर म्हणाला, त्याला असल्या संगीतातलं फारसं कळत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मात्र तो डबा न उघडता आवाजबंद खोलीत शिरला, जाड दार ओढून घेतलं आणि तपासणीच्या स्टुलावर बसून अल्बम लावला.

आधीच्या तीन अल्बममध्ये नुसता दणदणाट होता. इथे गिटार मागे सरकल्या होत्या. ढापण्या, म्हणजे त्यांचा गायक, जो पूर्वी चष्मा नाकावरून घसरेपर्यंत ओरडायचा, तो आता शेजारी बसून बोलावं तसा गात होता. आणि सगळ्यांच्या पुढे, मोकळ्या जागेत, बेस होता. चौथं गाणं ‘जिना’. एक माणूस जिना चढतोय आणि वरच्या मजल्यावर दार उघडायला कोणी आहे की नाही हे त्याला माहीत नाही, एवढंच त्या गाण्यात होतं. त्याच्याखाली बेसची एक छोटी चढण पुन्हा पुन्हा येत होती, दर वेळी किंचित अडखळून पुढे जाणारी.

गाणं चांगलं होतं. हे मनात आलं आणि मास्तरला ते खपलं नाही. त्याने ते पुन्हा लावलं, आता चुका शोधायला. दोन ठिकाणी तारेवर बोट घासल्याचा आवाज सापडला. तेवढ्यावर त्याने समाधान मानलं आणि डबा खाल्ला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने चाहत्यांचा ग्रुप उघडला. काडेपेटीचे चाहते स्वतःला ‘काड्या’ म्हणवून घेत, आणि या ग्रुपमध्ये काही हजार काड्या होत्या. सकाळपासून तिथे उभे दोन तट पडले होते. जुन्या काड्यांचं म्हणणं होतं की बँडने कणा गहाण टाकला, हे दंतवैद्याच्या वेटिंग रूममध्ये लावायचं संगीत आहे. नव्या काड्यांचं म्हणणं होतं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गाण्याचे शब्द कळले. एकाने बँडचा टी-शर्ट फरशी पुसायला काढल्याचा फोटो टाकला होता. त्याखाली एका बाईने लिहिलं होतं की फरशी तरी नीट पुसा, कोपरा राहिलाय. एका शिक्षिकेने लिहिलं होतं की वडील गेल्यापासून तिला कोणताच मोठा आवाज सहन होत नव्हता, हा अल्बम मात्र ती ऐकू शकते. त्यावर कुणीतरी हसण्याचं चिन्ह टाकलं होतं, आणि मग त्या चिन्हावरून दीडशे लोक भांडत होते.

आणि त्या सगळ्या गदारोळात एक ओळ होती: ‘मास्तर असता तर हे झालं नसतं.’

मास्तरने ती ओळ वाचली. चहा घेतला, आणि पुन्हा वाचली. तिच्याखाली कितीतरी जणांनी होकार भरला होता. सहा वर्षांत त्याला कुणी विसरलं नव्हतं, असं त्याला वाटलं. खरं तर तो होता तेव्हा यातला एकही माणूस ऐकायला आलेला नव्हता, हेही त्याला कळत होतं, पण ते त्याने बाजूला सारलं.

त्याने ‘गंजकी तार’ या नावाने नवं खातं काढलं आणि लिहिलं: ‘अगदी खरं. मास्तरच्या बोटांत वजन होतं. आताचा बेस म्हणजे निव्वळ गुदगुल्या.’

दहा मिनिटांत पन्नास जणांनी ते उचलून धरलं.

त्यानंतर हे रोजचं झालं. जेवणाच्या सुट्टीत मास्तर आवाजबंद खोलीत बसायचा, दार ओढून घ्यायचा आणि लिहायचा. खारूताईची पकड निव्वळ शिकाऊ आहे. तिला पुढे आणणं हा निव्वळ दिखाऊपणा आहे. कुणी तिची बाजू घेतली की तो असा काही बारीक तांत्रिक मुद्दा काढायचा की समोरचा गप्पच व्हायचा. ‘गंजकी तार म्हणजे जाणकार माणूस आहे’ असं लोक म्हणू लागले. घरी तो शीळ घालत भांडी विसळायचा. बायकोच्या ते लक्षात आलं. ती एका तरणतलावावर लहानमोठ्यांना पोहायला शिकवायची, आणि पाण्याखाली कोण पाय आपटतोय हे तिला वरूनच कळायचं. एवढा कशाने खूश आहेस, असं तिने एकदा विचारलं. काही नाही, काम चांगलं चाललंय, असं तो म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात एका नामांकित समीक्षकाने ‘जिना’ला वर्षातलं सर्वांत सुंदर गाणं म्हटलं, आणि त्यातल्या बेसबद्दल एक आख्खा परिच्छेद लिहिला. खारूताईच्या नावासकट. मास्तरने तो परिच्छेद वाचला तेव्हा काचेपलीकडे एक आजोबा हेडफोन लावून बसले होते, आणि सूर सोडायला तो विसरला. आजोबांनी वाट बघून बघून काचेवर टकटक केली आणि विचारलं की आपण एकदमच बहिरे झालो का.

त्या दुपारी त्याने लिहिलं: ‘आतल्या गोटातली गोष्ट सांगतो. जिन्यातली बेसची सुरावट मास्तरची आहे. तो बँडमध्ये असताना रोज तालमीला वाजवायचा. तिने उचलली. नाव मात्र निव्वळ स्वतःचं.’

हे अगदी धडधडीत खोटं आहे असं त्याला लिहिताना वाटलं नव्हतं. बोटं मोकळी करायला तो चार सुरांचा एक चढता धडा वाजवायचा, आणि खारूताईलाही तो त्यानेच शिकवला होता. तेव्हा अगदीच काही नाही असं नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. मग पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

बातमी वणव्यासारखी पसरली. कुणीतरी सात वर्षांपूर्वीचा एक अंधुक व्हिडिओ शोधून काढला, त्यात मास्तर कार्यक्रमाआधी तोच धडा वाजवत होता. ‘जिना’ आणि तो धडा लोकांनी एकावर एक लावून दाखवले. बघा, बघा, म्हणून हजारोंनी बघितलं. ज्यांना तो धडा आणि ते गाणं वेगळं ऐकू येत होतं त्यांनी तसं लिहिलं, तर त्यांनाच कान तपासून घ्यायला सांगण्यात आलं. खारूताईला चोर ठरवणारे एकीकडे, तिची पाठराखण करणारे दुसरीकडे, आणि अल्बम चांगला की वाईट हे विचारायला आता कुणाला सवड नव्हती.

मग एका कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. ‘जिना’ सुरू झाला आणि मागच्या बाजूने काही लोक ‘मास्तर, मास्तर’ असा घोष करायला लागले. मास्तरने तो व्हिडिओ तपासणीच्या स्टुलावर बसून पाहिला. आपलं नाव एवढ्या गळ्यांतून त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याने तो लगेच पुन्हा लावला. दुसऱ्यांदा पाहताना त्याला खारूताई दिसली. ती वाजवायची थांबली नव्हती. पण प्रेक्षकांकडे बघायचं सोडून ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत. मास्तरने फोन उपडा ठेवला.

त्याच दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीने त्याला सांगितलं की तिने ‘जिना’ फोनमधून काढून टाकलं. चोरीचं आहे म्हणतात, सर, आता ऐकवत नाही. मग तिने त्याला जुना फोटो दाखवला, हा तो मास्तर म्हणून. थोडा तुमच्यासारखा दिसतो, असं ती म्हणाली, आणि वर म्हणाली, पण हा देखणा आहे.

मास्तर हसला नाही. सात वेळा ऐकलं म्हणून सांगतानाचा तिचा त्या शुक्रवारचा चेहरा त्याला आठवत होता.

पुढच्या मंगळवारी साडेअकराच्या वेळेला यादीत एक नाव होतं, वादकांचे कान मोठ्या आवाजापासून वाचवणाऱ्या बोळ्यांसाठी साचे घ्यायचे आहेत असं पुढे लिहिलं होतं. दार उघडून खारूताई आत आली. टोपी कपाळापर्यंत ओढलेली होती. खुर्चीत बसली तर पाय जमिनीला जेमतेम टेकत होते.

“मास्तर,” ती म्हणाली, “तुमच्याकडेच यायचं होतं. बोळेही हवेच आहेत. पण आधी साचे घ्या, नाहीतर मी बोलेन आणि ते राहून जाईल.”

त्याने तिचे कान तपासले, आत कापसाचा छोटा बोळा दोऱ्यासकट सरकवला, गुलाबी लगदा कालवला आणि पिचकारीने आधी एका, मग दुसऱ्या कानात भरला. लगदा घट्ट व्हायला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ तिला जवळजवळ काहीच ऐकू येणार नव्हतं. ती मान खाली घालून शांत बसली होती. मास्तरच्या मनात आलं की आत्ता बोलून टाकावं, गंजकी तार मीच, म्हणजे सांगितल्यासारखंही होईल आणि तिला कळणारही नाही. मग त्याला त्या विचाराचीच शरम वाटली. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

साचे काढल्यावर तिने कान चोळले आणि म्हणाली, “ती सुरावट तुमची आहे का? खरं सांगा. मला वाटत होतं माझी आहे. पण इतके लोक म्हणतायत, की आता मलाच नक्की आठवत नाही ती कुठून आली ते. तुमची असेल तर मी भांडणार नाही. ढापण्याशी बोलले आहे मी. तुमचं नाव टाकायला तो तयार आहे.”

अल्बमवर नाव. त्या गाण्याखाली. समीक्षकाच्या त्या परिच्छेदात, तिच्या नावाच्या जागी. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं, आणि तीच ते ताटात वाढून घेऊन आली होती.

“आधी ऐकतो नीट,” तो म्हणाला. “रविवारपर्यंत सांगतो.”

ती थँक्यू म्हणाली. ते त्याला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी त्याने कपाटावरून बेस काढला. पिशवीची चेन गंजून अडकली होती, ती पकडीने ओढावी लागली. तारा सुरात लावून त्याने आपला तो धडा वाजवला. एक, दोन, तीन, चार. सरळ वर, सरळ खाली. मग ‘जिना’ लावून त्याच्याबरोबर वाजवायला गेला तर बोटं चुकली. पुन्हा चुकली. त्याने गाणं थांबवून, मागे घेऊन ऐकलं, दिवसभर म्हाताऱ्यांना जसं कान देऊन ऐकायला सांगायचा तसं. आणि मग त्याला कळलं. खारूताई तिसरा सूर वाजवतच नव्हती. ती पहिली आणि दुसरी पायरी चढायची, तिसरीच्या जागी थांबायची, आणि मग एकदम चौथीवर पाय टाकायची. त्या थांबण्यातच तो माणूस होता, वर दार उघडेल की नाही या काळजीतला. ते गाणंच त्या जागेत होतं. आणि मास्तरने आयुष्यात कधी एकही सूर सोडला नव्हता. सूर भरायचे असतात, असंच तो शिकवत आला होता.

चोरी असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. उचललेल्या गोष्टीवर हक्क तरी सांगता येतो. हे त्याला सुचलंच नसतं, शंभर वर्षं बँडमध्ये राहिला असता तरी.

बायको दारात उभी होती. केस अजून ओले होते.

“आधी वाजवलंस ते तुझं,” ती म्हणाली. “फोनवर वाजलं ते तिचं. मला सुरातलं कळत नाही, पण एवढं कळतं.” मग ती आत येऊन समोर बसली. “गंजकी तार तूच ना?”

त्याने बेस मांडीवरून खाली ठेवला.

ती म्हणाली की तलावावरच्या एका मुलीच्या आईने तिला तो सगळा वाद दाखवला होता. दर दोन ओळींनंतर ‘निव्वळ’ लिहिणारी दुसरी व्यक्ती तिला माहीत नाही. चार दिवस ती वाट बघत होती, हा आपणहून सांगतो का म्हणून.

“मला जळायला झालं,” मास्तर म्हणाला. त्याने ते वाक्य पहिल्यांदाच मोठ्याने ऐकलं. “अजूनही होतंय.”

“ते होऊ दे,” ती म्हणाली. “पण त्या पोरीला का भाजतोयस?”

रविवारी दुपारी तो तालमीच्या खोलीवर गेला. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरची तीच जुनी खोली, भिंतींना आता चांगलं आवाजशोषक कापड लावलेलं. खारूताई तारा बदलत होती, ढापण्या खिडकीत बसला होता. मास्तरने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सुरावट तिची आहे. धडा आपला होता, गाणं तिचं आहे, आणि फरक कुठे आहे तेही. मग गंजक्या तारेचं सांगितलं. मध्ये थांबला असता तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

ढापण्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. तो पूर्वीही चिडला की असंच करायचा. तू सोडून गेलास तेव्हा मी तुला एका शब्दाने बोललो नव्हतो, एवढंच तो म्हणाला, आणि उठून खाली निघून गेला.

खारूताई तार हातात धरून बसली होती. तिने विचारलं, “मी वाईट वाजवते असं तुम्हाला खरंच वाटत होतं का?”

“नाही. चांगलं वाजवतेस म्हणून तर लिहीत होतो.”

“मग तेवढं लिहा,” ती म्हणाली. “आणि तुमच्या नावाने लिहा. आता जा, मास्तर. मला तुमच्यासमोर वाजवायचं नाहीये आज.”

घरी येऊन त्याने बायकोला कॅमेरा धरायला लावला. कमी केस, सुटलेलं पोट, सगळ्यासकट तो बेस घेऊन बसला. आपण कोण ते सांगितलं. आधी धडा वाजवला, मग ‘जिना’, आणि तिसऱ्या सुराच्या जागी बोट वर धरून दाखवलं की हे माझं नाही, हे तिचं आहे. गंजकी तार मीच होतो आणि पोटात दुखत होतं म्हणून खोटं लिहिलं, हेही सांगितलं. व्हिडिओ ग्रुपवर टाकला.

आता सगळं मिटेल अशी त्याची कल्पना होती. तसं काही झालं नाही. निम्म्या लोकांनी त्याच्यावर तोंडसुख घेतलं, ते त्याने गिळलं. पण उरलेल्यांनी विश्वासच ठेवला नाही. बँडने दबाव आणला असणार, असं ते म्हणाले. त्याच्या डोळ्यांत भीती दिसते, असं एकाने व्हिडिओ थांबवून, बाण काढून दाखवलं. कुणी लिहिलं की स्वतःची चीज शिष्येला देऊन टाकणारा असा गुरू होणे नाही. काही जण गंजक्या तारेच्या बाजूने उभे राहिले आणि मास्तरलाच विचारायला लागले की तो जाणकार माणूस होता, तू कोण त्याच्या नावाने बोलणारा. त्याने खोटं लिहिलं तेव्हा लोकांना ते एका ओळीत पटलं होतं. खरं मात्र तो पानंच्या पानं लिहून सांगत होता.

पण तो सांगत राहिला. जेवणाच्या सुट्टीत स्टुलावर बसायचा आणि एकेकाला उत्तर द्यायचा, या वेळी दार उघडं ठेवून. ‘निव्वळ’ हा शब्द त्याने टाकून दिला. जे त्याला थोर म्हणत त्यांना उत्तर देणं सगळ्यांत कठीण जायचं, कारण आत कुठेतरी ते वाचायला अजून बरं वाटायचं. रिसेप्शनवरची मुलगी दोन दिवस त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, सर, त्या बाईंना आमच्यासारख्यांनी किती बोल लावले, त्याचं काय करायचं? मग तिने स्वतःच खारूताईला माफी मागणारं चार ओळींचं पत्र लिहिलं आणि गाणं परत फोनमध्ये घेतलं.

खारूताईचे बोळे तयार झाले तेव्हा ते न्यायला ती आली नाही, ड्रमरला पाठवलं. पुढच्या दोन कार्यक्रमांत तो घोष झाला, मग विरळ झाला, मग लोकांना दुसरं भांडण मिळालं. ‘हळू बोला’ चांगला की वाईट यावर मात्र अजून एकमत नाही, आणि मास्तरला विचाराल तर त्यातली चार गाणी त्याला खरोखर कंटाळवाणी वाटतात. ते तो आता स्वतःच्या नावाने लिहितो.

पाच महिन्यांनी काडेपेटीचा कार्यक्रम त्यांच्या शहरात झाला. मास्तर बायकोबरोबर गेला, रिसेप्शनवरची मुलगीही आली. त्याला कुणी ओळखलं नाही. ‘जिना’ सुरू झाला. दोन पायऱ्या, आणि मग ती रिकामी जागा, आणि सबंध सभागृहाने तेवढ्यापुरता श्वास धरला. मास्तरला पुन्हा जळायला झालं, अगदी पहिल्या दिवसाइतकं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, हो, होतंय. आणि गाणं संपेपर्यंत तो तसाच ऐकत उभा राहिला.

कार्यक्रमानंतर बँडचे लोक एका टेबलापाशी सह्या देत होते. रांग लांब होती, मास्तरही तिकीट हातात घेऊन तिच्यात उभा राहिला. ढापण्याने त्याला पाहिलं आणि न हसता मान डोलावली. खारूताई वर न बघता सही करत होती. पुढे कोण आलंय हे तिला त्याच्या हातांवरून कळलं असावं, कारण पेन मध्येच थांबलं.

“कसं झालं?” तिने विचारलं.

“चांगलं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “मागच्या रांगांत बेस कमी पोचतो. वाढवायला सांग.”

तिने मान वर करून त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. यात काय किती मिसळलेलं आहे, ते ती शोधत असावी. त्याचं त्यालाही नक्की सांगता आलं नसतं. मग ती मागे वळली, ध्वनियंत्रावरच्या माणसाला हाक मारून म्हणाली की उद्या बेस जरा वर घे, आणि सही पुरी करून पुढच्याला जागा द्या म्हणाली.